बटणाची दुसरी वायर

गेमचं बटण दाबलं की त्यातून बोर्डाकडे करंट जातो आणि पडद्यावरचा गडी उडी मारतो, असा बहुतेकांचा समज असतो. खरं तर बटण बोर्डाला काहीच पाठवत नाही. त्या वायरवर बोर्डाने स्वतःच थोडे व्होल्ट धरून ठेवलेले असतात. बटण दाबल्यावर वायर ग्राउंडला टेकते, तिच्यावरचे व्होल्ट शून्यावर येतात आणि बोर्ड ते शून्य वाचतो. म्हणजे वाचायचं असतं शून्य, आणि ते आणून देते ग्राउंडची वायर. प्रत्येक बटणाला दोन वायरी असतात, पण सगळी काळजी पहिलीची घेतली जाते. दुसरी काळी वायर कुठूनही कुठेही जोडली तरी चालतं असं धरून चालतात, आणि घरी केलेल्या आर्केड पॅनलमधली निम्म्याहून जास्त डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

जालन्यात, अंबडला किंवा भोकरदनला बसून असा पॅनल करणं आता फार अवघड राहिलेलं नाही. सुतार प्लायवुडची पेटी करून वर सनमायका लावून देतो. होल-सॉने बटणांची भोकं पाडून मिळतात, काही बटणांना २८ मिलिमीटरचं लागतं तर काहींना ३० चं, एवढं आधी बघून ठेवायचं. बटणं-जॉयस्टिकचा संच कुरिअरने येतो, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतून कुणी आणून देतं. गाडी अडते ती वायरिंगपाशी. वायरिंग शिकायला जो व्हिडिओ लावावा, त्यातलं घर परदेशातलं असतं. तिथे भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग आहे हे गृहीतच धरलेलं असतं, आपल्याकडे मात्र सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे वायर आहे की नुसतीच भिंत, इथून चौकशी सुरू करावी लागते.

आधी बटणाकडे पाहू. त्याच्या बुडाशी जो काळा डबा असतो तो मायक्रोस्विच. पीटर मॅकगॉल या अमेरिकन माणसाने तो १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला शोधला. आतली पातळ स्प्रिंगपट्टी एका ठरावीक बिंदूपर्यंत दबते आणि तिथून पुढे एका झटक्यात पलटी खाते. बोट सावकाश दाबो की जोरात, पलटी तेवढ्याच वेगाने होते. आर्केडच्या बटणाचा तो ओळखीचा ‘टक्’ आवाज याच पलटीचा. डब्याला पत्र्याच्या तीन जिभा असतात: कॉम, एनओ आणि एनसी. कॉम आणि एनओ ही जोडी एरवी सुटी असते, दाबल्यावर जुळते. कॉम आणि एनसीचं याच्या उलट. आपल्याला कॉम आणि एनओ हव्यात. घाईत एनसीला वायर लागली, तर बोर्डाला ते बटण कायम दाबलेलं दिसतं आणि खरोखर दाबलं की सुटल्यासारखं वाटतं. जपानी सान्वा कंपनीच्या बटणांना दोनच जिभा असतात, त्यामुळे तिथे हा घोळ होत नाही. दोन जिभांपैकी ग्राउंड कोणतीला, याचीही चिंता नको. स्विचला उलट-सुलट नसतं.

आता बोर्डाची बाजू. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक २०१२ साली बाजारात आला आणि जुने गेम घरी खेळणाऱ्यांची सोय झाली. त्याच्या प्रत्येक इनपुट पिनला आतूनच सुमारे ५० हजार ओहमच्या रोधातून ३.३ व्होल्ट जोडता येतात. याला पुल-अप म्हणतात. बटण सुटं असताना पिनवर ३.३ व्होल्ट असतात आणि दाबलं की शून्य. त्या वेळी बटणातून वाहणारा प्रवाह ३.३ भागिले ५०,०००, म्हणजे ६६ मायक्रोअँपिअर. घरातल्या ९ वॉटच्या दिव्यातून याच्या शेकडो पट प्रवाह जातो. म्हणून बटणांसाठी जाड वायर घेण्यात काही अर्थ नाही, २४ गेजची पातळ वायर पुरून उरते. पण याच आकड्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. इतका क्षीण प्रवाह गंजाच्या, धुळीच्या थरातून वाट काढू शकत नाही. पंख्याच्या स्विचमध्ये थोडी घाण असली तरी ठिणगीने ती जळून जाते आणि पंखा फिरतो. इथे तशी सोय नाही. वायर पातळ चालेल, पण लूज काँटॅक्ट अजिबात चालणार नाही.

पुल-अप चालू करायचा राहून गेला तर पिन अधांतरी राहते. मग शेजारून जाणाऱ्या घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण ती अँटेनासारखी उचलते, आणि कुणी हात न लावता बटणं आपोआप दाबली जाऊ लागतात. मंडळी ‘भूत आहे’ म्हणतात आणि बोर्ड परत पाठवतात.

बोर्डाचे व्होल्ट ग्राउंडकडे ओढून खबर देण्याची ही पद्धत जुनी आहे. नव्वदच्या दशकात घरोघरी जो टीव्ही गेम आला, पिवळ्या कॅसेटचा, तो निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल होता. त्याच्या कंट्रोलरला मुलं सर्रास ‘रिमोट’ म्हणत. बटणं आठ: चार दिशा, ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट. पण मूळ रचनेत कॉर्डमध्ये वायरी पाचच: एक विजेची, एक ग्राउंडची आणि तीन निरोपाच्या. आतली चिप आठही बटणांची स्थिती एकदम टिपून घेते आणि एकामागून एक पाठवते. कॉर्ड कंट्रोलरच्या तोंडाशी दुमडून दुमडून आतल्या आत तुटायची. ग्राउंड तुटला की आठही बटणं एकदम मुकी व्हायची. कॅसेट फुंकून त्यावर काही फरक पडत नसे, पण फुंकायचे मात्र सगळे.

व्हिडिओ गेम पार्लरमधल्या मोठ्या मशीनचं वायरिंग आणखी सरळ होतं. १९८५ साली जपानमधल्या गेम-मशीन उत्पादकांच्या संघटनेने एक प्रमाण ठरवलं आणि संघटनेच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘जामा’ हे नाव पडलं. त्याआधी गेम बदलायचा तर मशीनचं अख्खं वायरिंग बदलावं लागे. जामामुळे ५६ टोकांचा एकच कनेक्टर आला. जुनं सर्किट उपसायचं, नवं खोचायचं, काम झालं. एकाच डब्यात आज एक गेम आणि महिन्याने दुसरा, ही पार्लरवाल्यांची चैन या कनेक्टरने मिळवून दिली. त्या ५६ टोकांपैकी ८ निव्वळ ग्राउंडसाठी आहेत, दोन्ही बाजूंना सुरुवातीला दोन-दोन आणि शेवटी दोन-दोन. पायच्या ४० पिनांमध्येही ग्राउंड आठच. इतकी टोकं उगाच दिलेली नाहीत. पाठवलेला प्रत्येक प्रवाह परत यायला वाट लागते, आणि ती वाट सगळ्यांना मिळून एकच असते.

‘मुस्तफा’ याच जामाच्या जगातला. कॅपकॉम कंपनीचा हा १९९३ चा गेम, खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. पण त्यातल्या मुस्तफा नावाच्या गड्यापुढे ते लांबलचक नाव आपल्याकडे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. खेळायला मार आणि उडी अशी दोनच बटणं लागायची. ‘स्ट्रीट फायटर २’ ला सहा लागत, आणि जामात प्रत्येकाला तीनच बटणांची सोय. म्हणून लाथांसाठी वेगळा जोड-कनेक्टर द्यावा लागे. ज्या मशीनमध्ये तो सैल असे, तिथे गडी फक्त ठोसे मारायचा.

पार्लरमधली एक चोरटी विद्या जगभर ठाऊक होती, आणि ग्राउंडिंग समजून घ्यायला तिच्याइतकं चांगलं उदाहरण सापडणार नाही. गॅस पेटवायच्या लायटरमधला खटका कॉइन टाकायच्या दाराजवळ टिकटिकवला की फुकटचं क्रेडिट चढायचं. खटक्यात पिझो स्फटिक असतो, त्यावर ठोका बसला की हजारो व्होल्टची ठिणगी उडते. दाराचा पत्रा कशालाच जोडलेला नसेल तर त्या ठिणगीचा धक्का शेजारून जाणाऱ्या कॉइनच्या वायरीत उतरतो. वायरीवरचे व्होल्ट क्षणभर डगमगतात, बोर्डाला वाटतं नाणं पडलं. पत्रा नीट अर्थ केलेला असेल तर ठिणगी तिकडेच मुरते. कॉइनच्या वायरीवर एक छोटा कपॅसिटर टाकला की उरलासुरला धक्काही विरतो. लायटर घेऊन फिरणाऱ्या पोरांना पार्लरवाले शिव्या देत. त्यापेक्षा दाराला हिरवी वायर लावली असती तर बरं झालं असतं.

घरच्या पॅनलकडे वळू. दोन खेळाडू धरू. प्रत्येकाला चार दिशा, सहा बटणं, एक स्टार्ट, एक कॉइन, म्हणजे बारा. दोघांचे चोवीस स्विच, अठ्ठेचाळीस जिभा. बाजारात सर्वांत स्वस्त मिळतो तो ‘झिरो डिले’ नावाचा यूएसबी बोर्ड, एका खेळाडूला एक. (नावातलं शून्य फार मनावर घेऊ नये.) त्यात प्रत्येक बटणाला दोन वायरींचा तयार प्लग मिळतो. खोचला की झालं, विचार करावा लागत नाही. पण पेटीत वायरींचा भारा होतो आणि पुढे एखादी शोधायची वेळ आली की माणूस रडकुंडीला येतो. याउलट ब्रिटनच्या अल्टिमार्कचा आय-पॅक किंवा सरळ पायच्या पिना वापरल्या, तर प्रत्येक स्विचची एकच सिग्नलची वायर बोर्डापर्यंत न्यायची आणि सगळ्यांच्या ग्राउंडच्या जिभा एकाच वायरीत ओवायच्या. अठ्ठेचाळीसच्या जागी पंचवीस वायरी. माझं मत विचाराल तर दुसरी पद्धत. एक काम मात्र आधी करायचं. हातातल्या बोर्डावर सगळ्या ग्राउंड पिना खरंच आतून जुळलेल्या आहेत का, हे मल्टिमीटर बीपवर लावून तपासायचं. कीबोर्डच्या सर्किटमधून काढलेल्या बोर्डात तसं नसतं. तिथे उभ्या-आडव्या रांगांची जाळी असते, आणि सगळ्यांचा ग्राउंड एक केला की चार-चार बटणं एकदम उमटतात.

ग्राउंड ओवण्याची ही पद्धत म्हणजे दिवाळीच्या दिव्यांची माळ: पहिल्या बटणाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. माळेचा दोष हिच्यातही आहेच. मधे एक जोड सुटला की पुढची सगळी बटणं गेली. पण दोष शोधायला तोच उपयोगी पडतो. एकच बटण मेलं तर त्याची सिग्नलची वायर किंवा स्विच बघा. ओळीने पाच-सहा मेली तर ग्राउंड तुटलाय, तोही शेवटचं जिवंत बटण आणि पहिलं मेलेलं बटण यांच्या मधेच. सगळीच मेली तर बोर्डाकडचा पहिला जोड. आणि एखादं बटण कायम दाबलेलं दिसत असेल तर त्याची सिग्नलची वायर कुठेतरी ग्राउंडला टेकलीये किंवा एनसीला लागलीये. या चार ओळी पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवल्या तर पुढे मेकॅनिकला फोन करावा लागणार नाही.

माळेचा दोष एका वायरीने घालवता येतो. शेवटच्या बटणावर माळ सोडून द्यायची नाही, तिथून परत बोर्डाच्या दुसऱ्या ग्राउंड पिनपर्यंत आणायची. कडं पूर्ण झालं की मधे कुठेही एक जोड सुटला तरी प्रत्येक बटणाला एका बाजूने का होईना ग्राउंड मिळतो. खर्च हातभर वायर. तयार मिळणाऱ्या माळांमध्ये हे नसतं, आपण करून घ्यायचं.

जोड कसा करायचा यावर लोक हिरिरीने भांडतात. जिभेला थेट सोल्डर मारला तर जोड पक्का होतो, पण स्विच बदलायची वेळ आली की पुन्हा सोल्डरिंग आयर्न तापवा, आणि जास्त वेळ टेकवलं तर डब्याचं प्लास्टिक वितळतं. क्रिंप केलेले लग बरे. फक्त माप बघून घ्यायचे. अमेरिकन धाटणीच्या मायक्रोस्विचची जीभ ४.८ किंवा ६.३ मिलिमीटरची असते, सान्वाची २.८ ची. मोठा लग पक्कडीने चेपून छोट्या जिभेवर बसवणं हा आपल्याकडचा आवडता जुगाड. तो महिना-दोन महिने चालतो, मग आधी सांगितलेले ६६ मायक्रोअँपिअर अडायला लागतात. वायरी नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणं तर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मुळीच नको. पट्टीचा गोंद पाघळतो आणि पेटीत काळा चिकटा उरतो.

तिघांना ‘मुस्तफा’ खेळायचा असेल (मूळ मशीन तिघांचं होतं) तर हिशोब असा. प्रत्येकी चार दिशा, दोन बटणं, स्टार्ट आणि कॉइन असे आठ, तिघांचे चोवीस. पायवर इनपुटसाठी २६ पिना मोकळ्या असतात, म्हणजे वेगळा बोर्ड न घेताही भागतं. पायच्या पिनेला चुकूनही ५ व्होल्ट लावायचे नाहीत, ती ३.३ चीच आहे. ५ लागले की पिन जाते, कधीकधी अख्खा पाय.

हा धोका येतो तो दिव्याच्या बटणांतून. आत एलईडी असलेली बटणं दिसायला झकास, पण त्यांना चार जिभा असतात, दोन स्विचच्या आणि दोन दिव्याच्या. दिव्याला ५ किंवा १२ व्होल्ट लागतात. अदलाबदल झाली की ते १२ व्होल्ट थेट बोर्डात. दुसरी गोष्ट जास्त फसवी. सोळा दिवे, प्रत्येकी २० मिलिअँपिअर धरले तर ३२० मिलिअँपिअर. बटणांच्या प्रवाहापुढे हा पूरच. तो परत जायला बटणांचीच ग्राउंडची माळ दिली आणि बोर्डाजवळचा एखादा जोड सैल होऊन त्याचा रोध ३ ओहम झाला, तर तेवढ्या जोडावर ०.९६ व्होल्ट पडतात. मग बटण दाबल्यावर पिन शून्यावर येतच नाही, एका व्होल्टच्या आसपास अडकते. ३.३ व्होल्टच्या चिपा साधारण ०.८ च्या खालीच ‘शून्य’ मानतात. परिणाम असा की दिवे बंद असताना बटणं ठणठणीत आणि दिवे लावले की आजारी. असलं कोडं सुटायला रात्र जाते. दिव्यांचा ग्राउंड वेगळ्या वायरीने सरळ वीज पुरवणाऱ्या टोकापर्यंत न्यावा आणि बटणांच्या माळेला तिथे एकाच जागी भेटवावा.

पेटी प्लायवुडची असेल तर एवढ्यावर काम संपतं. पण जालना सळ्यांचं आणि रोलिंग मिलचं गाव. फॅब्रिकेशनवाला ओळखीचा नाही असं घर विरळा, आणि ‘प्लायवुड कशाला, पत्र्याचं करू, वाळवी लागणार नाही’ असं कुणीतरी सुचवतंच. पत्र्याचा पॅनल मजबूत होतो, हाताला छान थंड लागतो. मात्र मग आणखी एक ग्राउंड सांभाळावा लागतो.

पहिलं कारण स्थिर वीज. डिसेंबर-जानेवारीत इकडची हवा इतकी कोरडी असते की नायलॉनचा स्वेटर काढताना अंधारात ठिणग्या दिसतात. माणसाला स्थिर विजेचा चटका जाणवतो तेव्हा अंगावर तीन हजार व्होल्टच्या आसपास साठलेले असतात. असं बोट जॉयस्टिकच्या लोखंडी दांडीला लागलं की ठिणगी दांडीतून खालच्या मायक्रोस्विचमध्ये आणि तिथून बोर्डात. गेम अडकतो, पाय रीस्टार्ट होतो, क्वचित पिन जळते. पॅनलचा पत्रा आणि दांडीचा सांगाडा वायरीने जोडून बोर्डाच्या ग्राउंडशी एका ठिकाणी बांधला की ठिणगी चिपेला टाळून बाहेर पडते. रंगावर वायर लावून उपयोग नाही. तेवढी जागा पॉलिशपेपरने घासून, वॉशर घालून स्क्रू आवळायचा.

दुसरं कारण भिंतीतली वीज, आणि इथे गंमत संपते. बोर्डाचा ग्राउंड सिग्नल वाचायला असतो, अर्थिंग जीव वाचवायला. दोघांचं काम वेगळं, म्हणून हिशोबही वेगळा. बटणात मायक्रोअँपिअर होते, अर्थिंगच्या वायरीला वेळ आली तर कित्येक अँपिअर झेलायचे असतात. पेटीत एसएमपीएस, म्हणजे भिंतीतल्या विजेचे कमी व्होल्ट करून देणारा डबा, बसवला असेल तर त्याच्या पट्टीवर एल, एन आणि त्यांच्या शेजारी एफजी किंवा अर्थचं चिन्ह असलेला स्क्रू असतो. फेज, न्यूट्रल जोडून तो तिसरा स्क्रू मोकळा सोडणं ही सर्रास चालणारी गोष्ट. तिथून हिरवी जाड वायर पत्र्याला आणि तीन पिनांच्या प्लगच्या मोठ्या पिनेला गेलीच पाहिजे. ती पिन लांब ठेवलेली असते ती याचसाठी: प्लग खोचताना आधी अर्थ जुळावा, मग वीज यावी.

पण हा अर्थ जुळतो कशाला, हा पुढचा प्रश्न. पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, झिणझिण्या येत असतील, तर बहुधा तिसऱ्या भोकामागे काही नाही. एसएमपीएसमध्ये गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून अर्थकडे. अर्थ नसला की पत्रा त्या दोघांच्या मधोमध लटकतो आणि मल्टिमीटर ११५ व्होल्टच्या आसपास दाखवतो. प्रवाह एका मिलिअँपिअरच्या आतला असल्याने इजा होत नाही. पण ती सूचना असते, आणि चपला घालून खेळणं हा तिच्यावरचा उपाय नव्हे.

वायर आहे, पण खड्डा कसा आहे? घरच्या अर्थिंगचा खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेला पाइप किंवा प्लेट, भोवती मीठ आणि कोळसा. सगळं काम ओलाव्यावर चालतं. आपली जमीन काळी, पावसात चिकट आणि ओली, तेव्हा अर्थिंग छान. एप्रिल-मेमध्ये तीच माती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाइपपासून माती सुटते. थोडं खाली मुरूम आणि मग दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे तिथेही ओल नाही. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतावं असं वायरमन सांगतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यात माणसांना प्यायचं पाणी टँकरने येत होतं, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्याला कुणी घागर नेली असेल असं वाटत नाही.

कोरड्या खड्ड्याचा रोध २०० ओहमवर गेला असं धरू. पेटीतली फेजची वायर सुटून पत्र्याला लागली. खड्ड्यातून वाहील २३० भागिले २००, म्हणजे १.१५ अँपिअर. घरच्या मीटरबोर्डातला ६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहाला वीज तोडणारा खटका, इतक्याने हलतही नाही. पत्रा जवळजवळ पूर्ण २३० व्होल्टवर तसाच राहतो आणि कुणाला पत्ता नसतो. आता शहाबादी फरशीवर, ओल्या पायांनी, घामेजल्या हाताने मूल जॉयस्टिक धरतं. अशा शरीराचा रोध दोन हजार ओहम धरला तरी ११५ मिलिअँपिअर होतात, आणि तेवढा प्रवाह प्राणघातक असतो. म्हणजे अर्थिंग ‘आहे’ एवढ्याने भागत नाही. यावरचा उपाय आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणार्धात वीज तोडतो. वरच्या उदाहरणात फेज पत्र्याला लागताक्षणीच १.१५ अँपिअरने तो पडला असता, मुलाने हात लावायच्या आधी. अर्थिंग मुळीच नसेल तरी शरीरातून गळती झाली की तो तोडतो, पण तेव्हा झटका बसून गेलेला असतो.

याहून सोपा मार्ग म्हणजे पेटीत २३० व्होल्ट आणायचेच नाहीत. पाय आणि दिवे चांगल्या बाहेरच्या ५ व्होल्ट अ‍ॅडॅप्टरवर, पेटीत शिरते ती फक्त यूएसबीची वायर. भाड्याच्या घरात, जिथे भिंत फोडता येत नाही, तिथे मी हेच सांगेन आणि सोबत प्लायवुड.

एक गोष्ट मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी घरी करू नये. जुन्या मशीनचा ‘फील’ हवा म्हणून काचेच्या ट्यूबचा टीव्ही उघडून त्यात आर्केडचं सर्किट जोडायचं. ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही काळ टिकतात. त्याहून वाईट म्हणजे अशा बऱ्याच टीव्हींचा आतला ग्राउंड थेट मेनलाइनला जोडलेला असतो. सर्किटचा ग्राउंड त्याला जोडला की सगळ्या बटणांची काळी माळ, दांडी, पत्रा, सगळं एकदम जिवंत. पार्लरच्या मशीनमध्ये मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असे तो याचसाठी.

घरचा खड्डा कितपत चालतो हे पाहायचं तर वायरमन जुनी युक्ती करतो, १०० वॉटचा पिवळा बल्ब फेज आणि अर्थच्या मधे लावायचा. ठणठणीत पेटला तर बरं. २०० ओहमचा खड्डा असेल तर साठेक व्होल्ट खड्ड्यातच पडतात आणि बल्ब मलूल दिसतो. तेवढा वेळ घरातल्या फ्रिजपासून गिझरपर्यंत प्रत्येक अर्थ केलेल्या पत्र्यावर तेच साठ व्होल्ट चढलेले असतात, म्हणून हे काम त्यालाच करू द्यावं आणि कुणी कशाला हात लावू नये. नीट मोजायचं तर अर्थ-टेस्टर. आरसीसीबी बसवलेला असेल तर बल्ब लावताच तो पडेल, म्हणजे तो तरी चालू आहे हे कळलं. एरवी त्याच्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून वीज जाते का पाहावं. फक्त मुलं खेळत असताना दाबू नये: पाय चालू असताना मधेच वीज गेली तर मेमरी कार्डावरच्या फाइली बिघडतात, आणि मग सगळं पुन्हा टाकत बसावं लागतं.